२० मिनिटांत कऱ्हेचं खोरं

प्रश्न असा आहे: "एम.एस्सी. भूशास्त्र, दुसरं वर्ष. पुढच्या महिन्यात डिपार्टमेंटमध्ये सेमिनार आहे. २० मिनिटं, त्यातली ५ प्रश्नांना. विषय: कऱ्हा नदीच्या वरच्या खोऱ्यातलं बेसाल्टमधलं भूजल. ३८ विहिरींची मे आणि नोव्हेंबरमधली पाणीपातळी घेतली आहे, १४ नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण झालं आहे. स्लाइड ५४ झाल्यात. गाइड म्हणतात निम्म्या कर, पण सगळंच महत्त्वाचं वाटतं, पार गोंधळलो आहे. (फील्डमध्ये एक गंमत दिसली. एका बांधाच्या अल्याड-पल्याड दोन विहिरी. एक फेब्रुवारीत आटते, दुसरीला मेमध्येही पाणी. पण ते सेमिनारमध्ये घालण्यासारखं नाही.) शिवाय इंग्रजीत बोलायचं आहे, त्याची धास्ती वेगळीच."

तू कंसात टाकलंस ना, तोच तुझा सेमिनार आहे. बाकीचं सगळं त्या दोन विहिरींच्या मदतीला बोलवायचं, नाहीतर घरी ठेवायचं. (२८ वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे एम.एस्सी.चं पोर दिसलं की तोंडातून 'तू'च निघतं. राग मानू नकोस.)

तुझ्या ५४ स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, पण पहिल्या १५ मध्ये काय असेल ते सांगू शकते. शीर्षक. मग अनुक्रमणिका. मग भारताचा नकाशा, त्यात महाराष्ट्र, त्यात पुणे जिल्हा, त्यात लाल चौकोन. मग "दख्खनचा लाव्हा ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे." मग कळसूबाई, लोणावळा, वाई हे उपगट आणि जव्हारपासून देसूरपर्यंतच्या सगळ्या फॉर्मेशनचं, म्हणजे लाव्हाथरांच्या गटांचं ते कोष्टक. हे होईपर्यंत ७-८ मिनिटं गेलेली असतात आणि समोर बसलेत कोण? ज्यांनी ते कोष्टक तुला शिकवलं तेच. विहीर अजून कुठेच नाही.

कदाचित एखादी स्लाइड मोरगावजवळच्या राखेचीही असेल. कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळतो, तशीच कुकडीच्या काठी बोरीला मिळते, ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची म्हणतात, पण नेमक्या कोणत्या उद्रेकाची यावर भांडण आहे आणि त्यावर त्या गाळात सापडणाऱ्या दगडी हत्यारांचं वय अवलंबून आहे. विषय इतका सुरस की घालायचा मोह होणारच. घालू नकोस. तो दुसऱ्या कोणाचा तरी सेमिनार आहे.

तुझा सुरू होतो बांधावर. पहिली स्लाइड शीर्षकाची, ती ५ सेकंद. दुसरी, त्या बांधाचा फोटो, ज्यात दोन्ही विहिरी दिसतात. असा फोटो नसेल तर तुझ्या फील्ड डायरीतलं स्केच स्कॅन करून लाव. डायरीचं पान पाहिलं की मागच्या बाकांवरचे सरसुद्धा सावरून बसतात. आणि बोलायचं एवढंच: "ही विहीर फेब्रुवारीत आटते. ही दुसरी, इथून इतक्या पावलांवर. हिला मे महिन्यात इतके मीटर पाणी होतं. दोन्हीकडे बेसाल्टच, पाऊस तोच. मग फरक का?" संपलं. या अर्ध्या मिनिटात खोली तुझी होते, कारण आता प्रत्येकाच्या मनात स्वतःचं एक उत्तर तयार झालेलं असतं आणि ते बरोबर आहे का, हे त्याला ऐकायचं असतं.

इथे एक बारीक गोष्ट. तुझ्या नोंदी मे आणि नोव्हेंबरच्या आहेत, म्हणजे "फेब्रुवारीत आटते" हे तू पाहिलेलं नाहीस, शेतकऱ्याने सांगितलं. मग तसंच सांग. शेतकऱ्याचं म्हणणं हा पुरावा आहेच, त्या विहिरीकडे तो रोज पाहतो आणि तू वर्षातून दोनदा. पण पाहिलेलं आणि ऐकलेलं एका ओळीत मिसळलं की पुढच्या रांगेतून प्रश्न येतो, आणि तो आला की उरलेल्या आकड्यांवरचा विश्वासही डळमळतो.

आता त्या "का"ला किती उत्तरं असू शकतात ते मोज. एक, खोली: एखादी विहीर नुसती मुरमात थांबली असेल आणि दुसरी खालच्या थरात उतरली असेल. दोन, खडकाचा प्रकार: एकीने मांजऱ्याच्या, म्हणजे पोकळ्या भरलेल्या बेसाल्टच्या झिजलेल्या आडव्या सांध्यांना गाठलं असेल, आणि दुसरी सांधे नसलेल्या काळ्या पाषाणात बसली असेल. तीन, मध्ये एखादा डाइक असेल, म्हणजे उभ्या भेगेत लाव्हारस थिजून झालेला खडक, जमिनीखालच्या भिंतीसारखा. चार, उपसा: अल्याड अंजिराची बाग आणि पल्याड नुसती ज्वारी असेल तर भूशास्त्राला विचारायची गरजच नाही. पाच, पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला नालाबांध किंवा पाझर तलाव असेल. पुरंदरच्या त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असला एक बांधसुद्धा खालच्या दोन-तीन विहिरींचं नशीब बदलतो.

ही पाच उत्तरं एका स्लाइडवर मांड आणि मग तुझी सगळी माहिती त्यातली एकेक खोडायला वापर. बघ कशी जागेवर बसते. ३८ विहिरींचे उभे छेद कशाला? उत्तर एक आणि दोन तपासायला. विहिरींच्या मालकांना विचारलेली पंपांची ताकद आणि पिकं कशाला? चौथ्यासाठी. १४ नमुन्यांची रसायनं? दोन्ही विहिरींचं पाणी एकाच घरचं आहे की नाही ते कळायला. विद्युतवाहकता आणि क्लोराइड दोन्हीकडे जवळपास सारखे असतील तर पाणी एकमेकांशी बोलत असण्याची शक्यता आहे. एकीत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या पुढे आणि दुसरीत नावाला, असं असेल तर मध्ये काहीतरी आडवं आहे किंवा वरून शेतातलं खत एकीतच उतरतंय. पाचांपैकी ज्या उत्तराशी एखाद्या स्लाइडचा संबंध लागत नाही, ती गळाली. ५४ च्या १२ आपोआप होतात. गाइडला वाटेल तू रात्रभर जागून कापाकापी केलीस.

मात्र पाचपैकी दोनच खोडता आली आणि तीन उरली, तर ती उरली म्हणून सांग. मी ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या सेमिनारांपैकी एकाचा शेवट "यापुढे मला इथे पंपिंग टेस्ट (विहीर उपसून ती किती वेगाने भरते ते मोजणं) घेतल्याशिवाय सांगता येणार नाही" असा होता.

आता आकड्यांकडे वळू, कारण भूजलाच्या सेमिनारात मुलं पडतात ती इथे.

पाणी किती खोल आहे हे तू टेपने कुठून मोजलंस? कठड्याच्या काठावरून ना? मग कठड्याची उंची वजा केलीस का? काही विहिरींना कठडा नसतो, काहींना मीटरभराचा असतो. हे राहिलं असेल तर तुझ्या नकाशातला निम्मा चढउतार हा गवंड्यांचा आहे, भूजलाचा नाही. दुसरं, सकाळी किती वाजता मोजलंस आणि रात्री मोटार चालू होती का? शेतीला वीज रात्रीची असली की पहाटेपर्यंत उपसा चालतो आणि सकाळी ८ ला तू टाकलेली टेप स्थिर पातळी दाखवतच नाही, भरत आलेली विहीर दाखवते. तिसरं, आणि हे सगळ्यात नाजूक: पाणी कुठून कुठे वाहतं याचे बाण काढायला पातळीची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. ती तू हातातल्या जीपीएसवरून घेतली असशील तर उंचीत १०-१५ मीटरची चूक सहज असते. ५० हजारी (१:५०,००० प्रमाणाच्या) टोपोशीटवरच्या समोच्च रेषा २०-२० मीटरला. आणि तुझा मे-नोव्हेंबरचा फरक असेल ४-५ मीटर. चूक फरकापेक्षा मोठी. असे बाण दाखवू नकोस.

त्याऐवजी चढउताराचा नकाशा दाखव, म्हणजे प्रत्येक विहिरीतली नोव्हेंबर आणि मेमधली तफावत. त्यात ती विहीर समुद्रसपाटीपासून किती उंच हा प्रश्नच येत नाही, आणि दोन्ही वेळा टेप एकाच दगडावरून सोडली असेल तर कठडाही आपोआप वजा होतो.

नकाशा मात्र हाताने काढ, किंवा निदान हाताने तपास. संगणकाला ३८ ठिपके दिले की तो मुकाट्याने पूर्ण खोरं रंगवतो. जिथे एकही विहीर नाही त्या डोंगरमाथ्यावरसुद्धा पाणी दाखवतो आणि एकट्या पडलेल्या विहिरीभोवती गोल गोल रिंगणं काढतो. एकदा आमच्याकडच्या एका मुलाने असं रिंगण "रिचार्ज झोन", म्हणजे पाणी मुरण्याची जागा म्हणून दाखवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "यात किती विहिरी आहेत?" एक होती. विहिरींचे ठिपके नकाशावर दिसू देत, आणि जिथे ठिपके नाहीत तिथे कागद कोरा ठेव.

फोटोंबद्दल माझीच फजिती सांगते. मी एम.एस्सी.ला होते तेव्हा स्लाइड म्हणजे खरोखरच काचेच्या चौकटीतली फिल्म असायची. माझा विषय डाइकचा. पडद्यावर डाइकचा फोटो आला, मी उत्साहात सांगायला लागले आणि सरांनी विचारलं, "रुंदी किती?" मी घाईत म्हणाले, "२० मीटर." फोटोत ना हातोडा, ना पेन, ना माणूस. पण कोपऱ्यात एक शेळी चरत होती, माझं लक्षच गेलं नव्हतं तिच्याकडे. मागून वर्गातला कोणीतरी म्हणाला, "सर, शेळीवरून बघा, शेळी १५ मीटरची येतेय." डाइक २ मीटरचा होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत १५ सेंटिमीटरची पट्टी असते आणि विद्यार्थ्यांमध्ये "शेळी कुठे आहे?" हा प्रमाणपट्टीसाठीचा शब्द झाला. तुझ्या प्रत्येक फोटोत शेळी हवी. आणि फोटो कोणत्या दिशेला तोंड करून काढला तेही कोपऱ्यात लिही.

रसायनांच्या स्लाइडवर पायपर आकृती, म्हणजे प्रत्येक नमुन्यातल्या आयनांचं प्रमाण एका ठिपक्यात दाखवणारी आकृती, असणारच. त्या आकृतीआधी स्वतःच्या वहीत धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी विद्युतभाराच्या हिशोबाने करून ठेव. दोन्हींतला फरक ५ टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. १४ पैकी ज्या नमुन्यांत बसत नाही ते आकृतीत घालू नकोस, आणि किती वगळले ते बोलून दाखव. मिलिग्रॅममध्येच बेरीज करून "बॅलन्स बसला" म्हणणारे मी दरवर्षी पाहिले. पीएच विहिरीवर मोजला की प्रयोगशाळेत, हेही विचारलं जाईल. बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच चढतो, म्हणून लॅबमधला आकडा खाली टीप देऊनच दाखवायचा.

प्रश्नोत्तरांची भीती. माहीत नसलेला प्रश्न येणार हे धरून चाल. तेव्हा "मी ते तपासलं नाही" हे पूर्ण वाक्य आहे, त्यापुढे "पण" लावायची गरज नाही. खरी कसोटी लागते ती कोणी म्हणालं की "अमक्यांनी तर उलट लिहिलंय." चेहरा पडू देऊ नकोस. आपल्याच सह्याद्रीचं उदाहरण घे: २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स'च्या एकाच अंकात दख्खनच्या उद्रेकांच्या वेळापत्रकावर दोन शोधनिबंध आले. एका गटाने लाव्हाथरांच्या मधल्या गेरूसारख्या थरांतले झिरकॉन या खनिजाचे कण वेचून युरेनियम-शिशाने वय काढलं आणि उद्रेक चार मोठ्या झटक्यांत झाले असं म्हटलं. दुसऱ्याने लाव्हातल्याच प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरली आणि उद्रेक बराचसा सलग होता, बहुतांश लाव्हा तर डायनासोर संपल्यानंतर आला असं मांडलं. घाट तेच. फरक कुठून येतो? काय मोजलं आणि कशाने मोजलं यातून. तुला कोणी उलट निष्कर्ष ऐकवला तर पहिला प्रश्न हाच करायचा: त्यांनी कुठल्या महिन्यात मोजलं, उघड्या विहिरींत की बोअरवेलमध्ये? बोअर २०० फुटांखालचं पाणी सांगते, तुझी विहीर वरच्या ४०-५० फुटांतलं. कदाचित दोघंही खरं बोलत असतील.

इंग्रजीचं म्हणशील तर आधी सगळं मराठीत बोल, आणि त्या विहिरीच्या मालकालाच सांगतोयस असं समजून बोल. जिथे त्याला कळणार नाही असं वाटेल तिथे तुलाच नीट कळलेलं नसतं, हे मी स्वतःवर कैक वेळा ताडून पाहिलंय. मग तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत. पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ, मधलं नको. पाठ केलेलं मध्येच अडकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, पाढ्यासारखं. आणि "मांजऱ्या" हा शब्द इंग्रजीत बोलतानाही बिनधास्त वापर, एकदा अर्थ सांगून. विहीर खणणाऱ्यांनी हा खडक हातातल्या पहारीने ओळखून नाव दिलंय, कुठल्याही हँडबुकपेक्षा नेमकं.

शीर्षकात "अ स्टडी ऑफ" नको. शीर्षकात जे असेल तेवढ्यासाठीच लोक येतात. १९६७ च्या एप्रिलमध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या बैठकीत छापलेला सारांश बाजूला ठेवून भलत्याच विषयावर बोलला. तो विषय होता पृथ्वीचं कवच ताठ तुकड्यांचं आहे आणि ते तुकडे गोलावर कसे फिरतात, म्हणजे आपण आज ज्याला प्लेट टेक्टॉनिक्स म्हणतो तेच. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कळलं की काय घडतंय. मॉर्गनला ते परवडलं. तू शीर्षकातच दोन विहिरी लिही.

डिपार्टमेंटच्या त्या खोलीत एकदा आधी जाऊन प्रोजेक्टर लावून बघ. जुन्या प्रोजेक्टरवर फिकट पिवळा आणि पांढरा एकच दिसतो, आणि खिडकीचा पडदा कुठे तरी फाटलेला असतोच. चढउताराचा नकाशा निळ्याच्याच तीन छटांत कर. लाल-हिरवा फरक काहींना दिसत नाही. पीपीटीची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी.

आणि महिनाभर वेळ आहे तर एक रविवार काढून सासवडकडे, त्या बांधावर पुन्हा जा. जाताना ओळखीच्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी माग आणि एक मित्र घे, नळीचं दुसरं टोक धरायला. एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पाणी भरलेली नळी लावत जा; दोन्ही कठड्यांच्या उंचीतला फरक तुला दोन-तीन सेंटिमीटरच्या आत मिळेल, जीपीएस जन्मात देणार नाही इतका नेमका. मग दोन्ही विहिरींतलं पाणी कठड्यापासून मोज आणि आटणाऱ्या विहिरीचा तळही मोज. पाणी असलेल्या विहिरीतली पातळी आटणाऱ्या विहिरीच्या तळापेक्षा वर निघाली, तर ते पाणी बांध ओलांडून खाली का जात नाही, याचं उत्तर बांधाखालीच कुठे तरी आहे. मग बांधाच्या रेषेत दोन्हीकडे शे-दोनशे मीटर चालत जा आणि ओढ्यात, शेततळ्याच्या कडेला, रस्त्याच्या कापात डाइक उघडा पडलाय का बघ. पातळी तळाच्या खाली निघाली, तर डाइकची स्लाइड काढून टाक आणि विहिरीच्या खोलीची ठेव.